तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्यावर काहून जाता?

"ताई, तुम्ही आशा सेविका. डोक्याच्या आजाराचं काम करता ते चांगलं, पण पोलीस ठाण्यावर काहून जाता?" बचत गटात, लग्नात, बाजारात, सगळीकडे हेच. आजवर कायदा सांगून वेळ मारून नेली. आज राहिलेलं सांगते.

डिसेंबर २०२१. भाव चढेल म्हणून समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. धाकट्या दिराला चार रात्री झोप नव्हती. कापसात माणसं लपली आहेत, आपल्याला मारायला आली आहेत, म्हणायचा. पाचव्या रात्री तो ढिगावर चढला तेव्हा हातात आगपेटी होती. आत माझी दोन लेकरं निजलेली, नवरा जिनिंगवर रात्रपाळीला. मी ११२ लावला. मीच. हे मी सभेत सांगत नाही.

जीप येईपर्यंत त्याने आगपेटी सासूबाईंच्या हाती दिली होती आणि बाजेवर बसून रडत होता. तरी उचललंच. "वहिनी, यायले सांगा ना, मी काही नाही केलं." मला वाटलं, दवाखान्यात नेतील. त्यांच्यातला एक म्हणाला, "रातभर ठेवतो, सकाळी शांत होते पोट्टा." आणि मी मान हलवली.

सकाळी तो लॉकअपच्या कोपऱ्यात उकिडवा बसलेला. पायात चप्पल चढेना. तळपाय सुजून निळे. "पडला," म्हणाले. पडलेल्या माणसाचे तळपाय सुजत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढे नवऱ्याने अर्ज केला, तर त्याला आणल्याची नोंदच नव्हती. कॅमेरा बंद होता म्हणे. लॉकअपपुढे चालू कॅमेरा हवाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला सांगून वर्ष झालं होतं.

सासूबाईंनी त्याचे पाय शेकले. मला एवढंच विचारलं, "फोन कोनं लावला होता?" त्यांना माहीत होतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम १०० मी नंतर वाचलं. अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं, होईल तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, सरकारी दवाखान्यात न्यायचं. लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. २९ मे २०१८ पासून लागू, म्हणजे त्या रात्रीही लागू होतं. मला लक्षणं शिकवली होती, हे कुणी शिकवलं नव्हतं. आता ते कलम ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आम्ही लिहून घेतलंय.

आणि जीव द्यायला फवारणीचं औषध पिलेल्या माणसाला घरचे तासभर घरातच का ठेवतात? "पोलीस केस होईल" म्हणून. त्याच कायद्याचं कलम ११५ म्हणतं, उलट सिद्ध होत नाही तोवर तो माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हे घरोघरी सांगायचं, तर ठाण्याचं नाव टाळून कसं सांगू?

मी पोलिसांच्या विरोधात नाही. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ नाही, रात्री गाडी नाही, आणि सगळे जीपकडेच बघतात, हे मला दिसतं. पण त्याने तळपायांचा हिशेब लागत नाही. भांडून काय मिळतं म्हणता, तर देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. त्यावर देशभर बाया रस्त्यावर आल्या तेव्हा १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या मुलीच्या पदरात मात्र काही पडलं नाही, आरोपी सुटलेच. हेही मला माहीत आहे.

मी तेव्हा काय करायला हवं होतं? कधी वाटतं, फोनच लावायला नको होता. मग कापूस आणि लेकरं आठवतात. दीर आता गोळ्या घेतो, डवरणी करतो, माझ्या हातचं जेवतो. मला वहिनी म्हणून हाक मारत नाही.

गेल्या पोळ्याच्या आदल्या रात्री शेजारच्या गावातून एका आईचा फोन आला. पोराच्या हातात विळा होता. "११२ लावू का, ताई?" मला बराच वेळ उत्तर देता येईना. मग म्हटलं, लावा, मी येते. कलमाचा कागद घेऊन नवऱ्याच्या गाडीवर मागे बसले. ठाणे अंमलदाराने कागद वाचला नाही, पण जीप सरळ दवाखान्यात गेली. आम्ही मागे होतो म्हणून गेली, की तो माणूसच भला होता, मला सांगता येत नाही.