तुम्ही विचारलंत म्हणून: एका दगडाची तीन वयं, मग खरं कोणतं?

तिन्ही खरी. विद्यार्थी विचारतात, नातेवाईक विचारतात, इतर शाखांतले प्राध्यापकही विचारतात, आणि प्रत्येकाच्या स्वरात ‘तुमचं मोजमापच कच्चं’ असा संशय असतो.

झिरकॉन या खनिजाचं युरेनियम-शिसं वय, म्हणजे त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालं त्यावरून काढलेलं वय, सांगतं मॅग्मा कधी थिजला. बाकीची वयं निवण्याची. खनिजात किरणोत्सर्गातून वायू तयार होत राहतो. गरम असताना तो निसटतो, निवल्यावर अडकतो, आणि वय मोजलं जातं तिथून. काळं अभ्रक साधारण ३०० अंश सेल्सिअसखाली आलं की अरगॉन धरून ठेवतं, अपॅटाइट हे खनिज हेलियम धरतं ते ७० अंशांच्या आसपास. पृथ्वीचं कवच ताणलं की वरचा थर भ्रंशावरून, म्हणजे खडकातल्या सरकत्या भेगेवरून, घसरून बाजूला होतो आणि खालचा तापलेला खडक वर येतो. वयांमधलं अंतर कमी, म्हणजे तो झपाट्याने निवला. हे अंतर पुसलं तर माझ्या हातात उरतं काय?

पीएचडीच्या वेळी भ्रंशालगतच्या एका नमुन्यात काळ्या अभ्रकाचं वय पांढऱ्यापेक्षा जास्त आलं. यायला हवं होतं उलट, कारण पांढरं अभ्रक आधी, जास्त तापमानाला बंद होतं, म्हणजे अरगॉन धरू लागतं. समितीतल्या एका ज्येष्ठांनी तक्त्यातल्या त्या ओळीवर पेन्सिल आडवी ठेवली. “ही काढा. आलेख स्वच्छ होईल.” मी नाही म्हटलं. “मग कारण द्या.” दिलं: भ्रंशातून फिरणाऱ्या द्रवांनी अभ्रकात जास्तीचा अरगॉन भरला असावा, काळ्या अभ्रकात तो सहज शिरतो. “पुरावा?” जास्तीचा अरगॉन ओळखायच्या आलेखावर, आयसोक्रॉनवर, माझे बिंदू एका रेषेत न येता विखुरलेले होते. खोलीत कुणीच माझ्या बाजूने बोललं नाही. प्रबंध परत आला, पदवी लांबली, आणि घरी मी रागाने रडले. ओळ मात्र तक्त्यात राहिली. तेव्हा मी हट्टी होते का? असेन. पण नको असलेलं वय खोडायचं असेल, तर मोजायचं तरी कशाला?

आणखी एक. खडक कोणत्या कोनात तुटतात हे सांगणाऱ्या अँडरसनच्या सिद्धान्तानुसार ताणातले भ्रंश ६० अंशांच्या आसपास कललेले जन्मतात, ३० अंशांहून सपाट भ्रंश सरकायलाच नकोत. तरी पश्चिम अमेरिकेच्या बेसिन अँड रेंज या ताणलेल्या प्रदेशात, एजियन समुद्रातल्या नॅक्सॉस बेटावर असे सपाट भ्रंश उघडे पडलेत. विद्यार्थी असताना मी ठासून सांगायचे, ते उभेच जन्मले, नंतर कलंडले. आज त्या मुलीला विचारावंसं वाटतं, सगळेच? ती म्हणेल, तुझ्याच वयांवरून सिद्ध कर. पण निवण्याची वयं वेग सांगतात. भ्रंश सरकत असताना त्याचा कल किती होता, हे एकट्या वयांवरून कळत नाही. तो वाद आमचा अजून चालू आहे.