आधीच्या घरचा

युरोपच्या सहलीत जर्मनीतल्या श्पायरला आमच्या ग्रुपला तासभरच मिळतो. कॅथीड्रल बघायचं, तळघरात उतरून आठ सम्राट-राजांच्या कबरी दाखवायच्या आणि बसकडे निघायचं. त्या दिवशी लाल-पिवळ्या दगडी कमानींखाली मी नेहमीसारखी नावं सांगत होते, तेवढ्यात पुण्याच्या एक काकू गिझेलाच्या कबरीपाशी थांबल्या.

“ही कोण गं?”

“सम्राट दुसऱ्या कोनराडची राणी. तिचं हे तिसरं लग्न.”

“तिसरं? त्या काळात?”

ग्रुप पुढे गेला. मी मात्र थांबले, कारण गिझेलाबद्दल कुणी आपणहून विचारत नाही.

ती दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियाच्या ड्यूकची मुलगी, आई बर्गंडीच्या राजाची लेक. पहिला नवरा ब्रूनो गेला. दुसरा एर्न्स्ट, गिझेलाचा भाऊ वारल्यावर 1012 साली श्वाबिया त्याला मिळालं ते तिच्याचमुळे. 1015 मध्ये शिकारीत बरोबरच्याच माणसाचा बाण लागून तोही गेला. 1900 साली ही कबर उघडली, तेव्हा आत शिशाची पाटी निघाली. तीवर तिचं जन्मवर्ष 999 आहे. ते खरं मानलं तर दोनदा विधवा झालेली, तीन मुलांची ही आई पंधरा वर्षांची ठरते! इतिहासकार म्हणूनच ते वर्ष मानत नाहीत.

मग कोनराड. दोघांचं दूरचं नातं निघत होतं, चर्चला ते खटकत होतं. 1024 साली माइन्झच्या आर्चबिशपनं कोनराडला मुकुट घातला, पण हिला घालायला नकार दिला. तेरा दिवसांनी कोलोनच्या आर्चबिशपनं तो घातला.

“आणि मुलं?”

दुसऱ्या नवऱ्याचा मुलगा, तोही एर्न्स्टच, सावत्र बापाविरुद्ध उठला. बर्गंडीवर त्याचा हक्क आईकडून येत होता आणि कोनराडला तेच राज्य हवं होतं. 1030 च्या ईस्टरला बादशहानं त्याला अट घातली: बंडातला मित्र वेर्नर, त्याचा पाठलाग कर, बंडामुळे गेलेलं श्वाबिया परत घे. एर्न्स्टनं मित्र सोडला नाही. भर दरबारात गिझेलाला शब्द द्यावा लागला की मुलाचं काहीही झालं तरी ती सूड घेणार नाही. ऑगस्टमध्ये ब्लॅक फॉरेस्टमध्ये तो मारला गेला. त्याच सुमारास कोनराडनं हे कॅथीड्रल बांधायला घेतलं.

काकूंनी आजूबाजूच्या कबरींकडे पाहिलं. “त्याची कुठली?”

“तो इथं नाही. कोन्स्टान्झला पुरला. इथं आहे तो कोनराडचा मुलगा, हेन्री.”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझा थोरला आधीच्या घरचा आहे. ह्यांचं न् त्याचं सतरा वर्षं बोलणं नाही. मीही ह्यांच्याकडूनच उभी राहिले.”

मला काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं मी ही जागा कोनराडची म्हणून दाखवत आले होते. काकूंचा हात धरून मी त्यांना पायऱ्यांपर्यंत आणलं. बसला वीस मिनिटं उशीर झाला. कुणी तक्रार केली तर करू दे, असं मनात ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्लॅक फॉरेस्टमध्ये होतो. सगळे कुकू क्लॉकच्या दुकानात शिरले. काकू दाराशीच थांबल्या.

“त्याला मारलं ते हेच का जंगल?”

“हो, काकू. हेच.”

त्या दुकानात आल्याच नाहीत.