बटाट्याचं टिश्यू कल्चर बेणं आणि मावा

आमच्या सोलापूर भागात टिश्यू कल्चर, म्हणजे लॅबमध्ये झाडाच्या बारीक तुकड्यापासून वाढवलेली रोपं, म्हटलं की केळीची जी-नाईन रोपं, फार तर भगवा डाळिंब. त्यामुळं मी बटाट्याच्या लॅबचं काम शिकतेय म्हटल्यावर मोहोळच्या मामांनी पहिलाच प्रश्न टाकला, मग त्याला रोग येत नाही ना? येतो मामा. रोपात रोग नसतो एवढंच, पुढं येणारच नाही असं नाही, आणि हा फरक कळला नाही की महागाचं बेणं घेऊनही पैसे पाण्यात.

बटाट्याचं बेणं लावलं की त्यातला व्हायरस पण शेतात येतो. वरून बटाटा एकदम चांगला दिसतो, कापला तरी बऱ्याचदा काही कळत नाही. उगवल्यावर मात्र लीफरोल नावाचा व्हायरस असेल तर खालची पानं द्रोणासारखी वर वळतात, हाताला कडक लागतात. घरचंच बेणं वर्षानुवर्षं लावत राहिलं की उतारा घसरतो तो बऱ्याच अंशी यामुळं, आणि एकदा व्हायरस झाडात शिरला की कुठलीच फवारणी त्याला बाहेर काढत नाही.

लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं एकेक कोवळं पान बाजूला करत कोंबाच्या अगदी टोकाचा 0.2-0.3 मिलिमीटरचा तुकडा काढायचा. तिथं अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्या अजून तयार नसतात म्हणून व्हायरस सहसा पोचत नाही. सहसाच, म्हणून वाढलेलं रोप एलायझा (व्हायरस ओळखणारी) टेस्ट करून बघायचं, पॉझिटिव्ह आलं की बाद. पास झालेल्या रोपाचे एक पान-एक डोळा असे तुकडे करत वाढवायचं, मग नेटहाऊसमध्ये, म्हणजे जाळीच्या घरात, मिनीट्यूबर म्हणजे बेण्याचे छोटे बटाटे, आणि तिथून पुढं शेतात एकेक पिढी.

खरी लढाई इथं सुरू होते, माव्याशी, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीशी. पीव्हीवाय नावाचा व्हायरस मावा सोंड टोचल्यावर काही सेकंदांत सोडून जातो, तुमच्या औषधानं मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं! म्हणून उत्तरेत सीड प्लॉट पद्धतीत बेण्याचा बटाटा माव्याच्या सीझनआधी वाढवून घेतात आणि 100 पानांमागं 20 मावा व्हायच्या आत झाडाचा पाला कापून टाकतात. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची ही पद्धत, मला तर लॅबएवढीच मोलाची वाटते.

आपल्याकडं बांधाला लागून वांगी, टोमॅटो, मिरची असतेच, आणि पीव्हीवाय त्यांच्यावरही राहतो. म्हणून मामांना सांगितलंय, या रब्बीला बेणं कुठल्या पिढीचं आणि कुठं वाढवलंय ते आधी विचारा, टिश्यू कल्चरचं आहे का ते नंतर.