बुंदी

रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष होतं. पहाटे कॅज्युअल्टीत पन्नाशीचे एक काका आले. रोजची देशी, जेवणाचा महिनाभर पत्ता नाही. पाय फाकवून झोकांड्या देत चालणं, बुबुळं आडवी थरथरणारी, आपण कुठं आहोत ते सांगता येईना. इंटर्नने सवयीने ग्लुकोजची बाटली काढली. मॅडम तिकडूनच ओरडल्या, "आधी थायमिन!"

थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. साखरेची ऊर्जा करायला मेंदूला तेच लागतं. पोटात अन्न नाही आणि जे जाईल त्यातलं थायमिन दारू शोषू देत नाही. अशात नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंही संपतं. जर्मन डॉक्टर वेर्निकेने हा आजार 1881 मध्येच लिहून ठेवलाय. तरी ही चूक आजही होते.

काकांचे डोळे दोन दिवसांत स्थिरावले. स्मृती मात्र परतली नाही.

"काका, काल रात्री काय जेवलात?"

"भाचीच्या लग्नात होतो ना! बुंदी झकास होती." हाताला सलाइनची सुई तशीच.

दुसऱ्या सकाळी तोच प्रश्न, उत्तरात पंढरपूर.

"वीस वर्षं खोटंच बोलतोय हा माणूस," काकांची बायको, मावशी, म्हणाल्या. मी समजावलं, हे खोटं नाही. नवी आठवण साठत नाही, मग मेंदू हाताला लागेल त्या जुन्या आठवणीने भोक बुजवतो. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास असतो.

मावशी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मारायचे, आणि सकाळी म्हणायचे, मी? शक्यच नाही. तेही हेच का?"

हे नव्हे, पण उत्तर मला ठाऊक होतं. भराभर जास्त दारू गेली की ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचं काम अडतं, आठवणी नोंदवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, नोंदच करत नाही. माणूस चालतो, बोलतो, हात उगारतो, आणि सकाळी पाटी कोरी. पण हे सांगणं म्हणजे त्यांच्या वीस वर्षांवर बोळा फिरवणं. "असू शकतं," एवढंच पुटपुटलो. "पण मार खराच होता, मावशी."

त्यांनी डबा उघडला. काका उजळले, "लग्नाहून कधी आलीस? बुंदी आणलीस?"

"संपली. भाकरी आहे, खा."