दारावरची चादर

वैशाखातल्या एका दुपारी, सोलापुरात कुत्रीसुद्धा सावली सोडायला तयार नसतात अशा वेळी, कुलरला लावायचे वाळ्याचे पडदे कोठे मिळतील ते मी संगणकावर शोधत होतो. पडदे मिळाले नाहीत. पण पुढचे चार दिवस बातम्या उघडल्या तरी कुलर, पंचांग उघडले तरी कुलर आणि एका परिचिताच्या निधनाची बातमी उघडली तर तिच्या शेजारीही कुलरच, अशी अवस्था झाली. सुट्टीला आलेल्या पुतण्याला माझी दया आली आणि त्याने मला फायरफॉक्स हा ब्राउझर, म्हणजे संकेतस्थळे उघडायचे साधन, बसवून दिला. देताना मात्र त्याने तक्रारीचा सूर लावला. "काका, वस्तू चांगली आहे, पण या मंडळींना एक खोड आहे. ब्राउझर बनवायचा सोडून लोकांच्या खासगीपणासाठी मोहिमा काढत बसतात. चादरवाल्याने चादर विणावी, मोर्चे कशाला काढावेत?"

उपमा त्याने नेमकी सोलापूरची दिली, म्हणून ती माझ्या मनातून जाईना.

आमचे बालपण गिरणीच्या चाळीतल्या एका खोलीत गेले. धाकट्या काकांचे लग्न झाले, त्या दिवसापासून रात्री खोलीत एक दोरी बांधली जाई आणि तिच्यावर मोराच्या नक्षीची जाड चादर टाकली जाई. अलीकडे आजी आणि आम्ही पोरे, पलीकडे काका-काकू. चादरीतून काही ऐकू येत नसे असे मुळीच नाही, परंतु ऐकू आलेले ऐकू आलेच नाही असे वागण्याची शिस्त आजीने आम्हांला डोळे वटारून लावली होती. मोरीला तर दारच नव्हते. आत गेलेल्याने अधूनमधून तांब्या वाजवायचा आणि बाहेरच्याने तो ऐकून मागे फिरायचे, एवढ्यावर साऱ्या बिऱ्हाडाची अब्रू सुरक्षित होती. खासगीपणा हा शब्द त्या चाळीत कोणाला ठाऊक नव्हता. आम्ही आडोसा म्हणत असू. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा मला प्रथम आठवला तो तो तांब्या.

ब्राउझरवाल्यांनीही तांब्या वाजवून पाहिला होता. 'माझा माग काढू नका' असा निरोप प्रत्येक संकेतस्थळाला आपोआप देण्याची सोय फायरफॉक्सने २०११ साली केली. बहुतेक संकेतस्थळांनी तो निरोप ऐकला आणि ती तशीच आत शिरली. निरोप पाळण्याची सक्ती कोणावरच नव्हती. अखेर २०२५ साली ती सोयच काढून टाकण्यात आली. दरम्यान त्यांनी चादर जाड केली होती, म्हणजे माग काढणाऱ्या बाहेरच्या कुकींना (संकेतस्थळे आपल्या संगणकावर ठेवून जातात त्या खुणेच्या चिठ्ठ्यांना) २०१९ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली होती. येथे पुतण्याचे म्हणणे मला लंगडे वाटते. बाहेरच्याने मागे फिरायचेच नाही असे ठरवले, तर विणकराने चादर किती जाड विणावी? कधीतरी त्याला चाळीच्या बैठकीत उभे राहून बोलावेच लागेल. आणि कोठून डोकावता येते हे विणणाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असते? शिवाय जेथे चादर टांगायला दोरीच नाही अशाही जागा आहेत. २०२३ साली फायरफॉक्समागच्या मोझिला फाउंडेशनने २५ मोटार कंपन्या खासगीपणाच्या कसोटीला लावल्या आणि एकही उत्तीर्ण झाली नाही. मोटारीत बसलेल्या माणसाला ब्राउझर कोणता आडोसा देणार? तेथे बोलण्याखेरीज इलाज नाही.

आणखी एक गोष्ट मला हट्टाने आठवते. ही कुकी १९९४ साली नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीत जन्मली, गिऱ्हाइकाने टोपलीत काय टाकले ते ऑनलाइन दुकानाच्या लक्षात राहावे एवढ्या साध्या कामासाठी. त्याच नेटस्केपने १९९८ साली आपला कोड खुला केला आणि त्यातून मोझिला उभे राहिले. आजोबांनी भिंतीला खिळा ठोकला, लोकांनी तेथे भोक पाडून डोकावायला सुरुवात केली, तर नातवाने चार शब्द बोलणे हे मोर्चा काढणे नव्हे; ते घरचे देणे आहे.

हे सारे मी पुतण्याला मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्याने शांतपणे विचारले, "आणि यांचा पगार कोण देतं?" उत्पन्नाचा बहुतांश भाग गूगलकडून, शोधपेटीत त्यांचे नाव पहिले ठेवण्याच्या मोबदल्यात येतो, हे मला ठाऊक होते, ते मी सांगितले नव्हते एवढेच. त्याने पुढेही सांगितले, की २०२४ च्या नोव्हेंबरात फाउंडेशनने सुमारे ३० टक्के माणसे कमी केली आणि मोहिमा चालवणारा विभागच बंद केला. तीन महिन्यांनी 'तुमची माहिती कधीच विकणार नाही' हे जुने वचनही त्यांच्या पानावरून निघाले. विकणे या शब्दाची कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे, असा त्यांचा खुलासा होता. आमच्या आजीला हा खुलासा पटला नसता. पण ज्याच्या घरची भाकरी खायची त्याच्याच डोकावण्याविरुद्ध बोलायचे, हे चाळीत तरी किती जणांना जमले होते? जमले तेवढे दिवस बोलले, हेही मला थोडे वाटत नाही. पुतण्याला ते फारच थोडे वाटते. तो एका बाजूला आणि मी एका बाजूला, असे आम्ही उकाड्यात बसून राहिलो.

आमच्या दारावर अजूनही पडद्याऐवजी चादरच असते. जुनी आहे, मोराच्या मानेशी विरलेली. तेवढ्यात त्या विरलेल्या जागेपाशी शेजारच्या वहिनींचा आवाज आला, "भावजी, वाळ्याचे पडदे शोधताय म्हणे? आमच्या माळ्यावर दोन पडून आहेत, घेऊन जा."

मी कोणाला काही बोललो नव्हतो. पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मी चपला घातल्या आणि पडदे आणायला गेलो.