तुम्ही विचारलंत म्हणून: नव्वद पडले म्हणजे विज्ञान आलं का?

दहावीचा निकाल लागला की गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजारात मला कोणी ना कोणी अडवतंच. “सर, पोराला विज्ञानात ब्याण्णव पडले. म्हणजे विज्ञान पक्कं ना? हायर सेकंडरीला सायन्सला घालू?”

गुण खोटे नसतात, पोरानं मेहनत घेतलेली असते. पण ते कशाचे गुण आहेत, हे मला एका विद्यार्थिनीनं शिकवलं. वर्गात पहिली येणारी. मी विचारलं, उन्हाळा का होतो? ती फळ्यापाशी आली, सुबक लंबवर्तुळ काढलं, मध्ये सूर्य, कडेला पृथ्वी. “सर, पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून.” मी म्हटलं, पृथ्वी सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैत असते 15.2 कोटींवर. जानेवारीत पहाटे तू पांघरूण ओढतेस की नाही? तिचा खडू तिथंच थांबला. ‘पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे ऋतू होतात’ हे वाक्य तिनं महिन्यापूर्वीच चाचणीत लिहिलं होतं. पूर्ण गुण मीच दिले होते. पाठ केलेलं आणि मनात धरलेलं, दोन्ही एकाच डोक्यात सुखानं नांदत होतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. 1992 साली अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बल आणि गतीवर साध्या भाषेतली चाचणी छापली. गणितं धडाधड सोडवणारी मुलं तिथं अडखळली. हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी ती वर्गात दिली तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू की मला वाटतं तशी? माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नात आहे.

मोठ्यांच्या चाचण्याही जपून वाचाव्यात. 2012 च्या अमेरिकी पाहणीत पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे 74 टक्क्यांनी बरोबर सांगितलं. पर्याय दोनच, म्हणजे अंदाजानं ठोकलेली उत्तरंही त्यात आली. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाहीत, हे मात्र जेमतेम निम्म्यांना ठाऊक होतं. सर्दी झाली की फार्मसीत गोळ्या मागणारे आपण त्याहून फार पुढे आहोत असं मला वाटत नाही.

आणि उलटंही होतं, ते जास्त लागतं मनाला. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या वाटेवर) बापाबरोबर रात्री जाळं लावणारा एक मुलगा माझ्याकडे होता. विज्ञानात कसाबसा पास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे त्याला तोंडपाठ नव्हतं, अंगात होतं. “चंद्र उशिरा उगवतो ना सर, त्याच्या मागोमाग ही,” असं तो सहज म्हणाला, आणि बाहेरचं पाणी चढलं की मानशीचं दार आपोआप कसं मिटतं तेही हातानं करून दाखवलं. प्रश्नपत्रिकेत यातलं काहीच नव्हतं.

तेव्हा पोराला सायन्सला जरूर घाला. पण आज रात्री जेवताना त्याला विचारा, मे महिन्याच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणातल्या उभ्या काठीची सावली गोव्यात नाहीशी होते, ती का? “पुस्तकात नाही” म्हणाला तर रागावू नका. कागद-पेन्सिल द्या आणि त्याच्या शेजारी बसा.