मुद्दलात 241 रुपये

6 एप्रिल 2023, गुरुवार. सकाळी दहाला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास टीव्हीवर बोलले, रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना पैसे देते तो, साडेसहा टक्क्यांवरच राहिला आणि आमच्या बँकेच्या शाखेत आम्ही हुश्श केलं. आदल्या मेपासून फेब्रुवारीपर्यंत सहा वेळा वाढला होता तो, चाराचा साडेसहा. प्रत्येक वाढीनंतर कर्जदारांचे फोन सुरू.

अकराच्या सुमारास तो आला. नाशिकला अंबडच्या कारखान्यात नोकरी, पाथर्डी फाट्याला फ्लॅट, ऑक्टोबर 2021 मधलं 25 लाखांचं गृहकर्ज, वीस वर्षं, 6.65 टक्के. फाइल मीच केलेली. रेपोला जोडलेला दर आहे, पुढे कमीसुद्धा होईल, असं हसत सांगणारीही मीच.

"मॅडम, हप्ता तर तोच, 18,861. मग हे काय?"

स्टेटमेंटवर पेनानं गोल केला होता. व्याज 18,620. मुद्दल 241.

हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवायची, ही तेव्हाची आमची सोयीची पद्धत. ग्राहक ओरडत नसे. कळवलं होतं म्हणा, इंग्रजी एसएमएसनं. मी आकडे टाकले: बाकी 24 लाख 42 हजार, दर 9.15. स्क्रीनवर 574 महिने आले. जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षं. तो छत्तीसचा.

"महागाई आवरायला रिझर्व्ह बँकेनं..." मी नेहमीची टेप लावली.

"कसली महागाई? वडिलांचा कांदा गेल्या महिन्यात लासलगावला चारशेनं गेला. क्विंटल!"

टेप तिथंच अडकली. मग जमेल तसं सांगितलं. महागाई मोजताना एकटा कांदा बघत नाहीत. तेल, इंधन, गहू, भाडं, सगळं येतं. 2022 च्या एप्रिलमध्ये ती 7.79 टक्के होती, आणि रिझर्व्ह बँकेला ठरवून दिलंय चार, फार तर सहा. युक्रेनचं युद्ध थांबवणं किंवा तेलाचं जहाज आणणं तिच्या हातात नाही. पैसा महाग करणं, म्हणजे व्याज वाढवणं, तेवढं आहे. मग फ्लॅट, गाडी, मशीन घेणारे जरा थांबतात, मागणी उतरते, भावही.

"मी कसा थांबू? मी तर घेऊन बसलोय."

खरं होतं. नवा माणूस थांबतो, जुना भरतो.

थोडं गप्प राहून तो म्हणाला, "नोटा आपल्या नाशिकरोडला छापतात अन् पैसा महाग मुंबईत करतात?" शेजारच्या काउंटरवरचा कॅशियरसुद्धा हसला.

मुदत मूळचीच ठेवायची तर हप्ता 22,813 होत होता. जवळपास चार हजार जास्त. त्यानं बायकोला फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलला, आत आला आणि सही केली.

"आता कमी होईल ना?"

या वेळी मी हसले नाही. सहा जणांची समिती ठरवते, साधारण दर दोन महिन्यांनी बसते, एवढंच सांगितलं.

"पुढची कधी?"

पैसे भरायच्या स्लिपच्या मागं त्यानं '8 जून' लिहून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.